आयुष्यभर छोट्या कॉलेजचा बास्केटबॉल कोच : याला करिअर म्हणावं का?

विणकर_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसता वाचत आलो, आज विचारायची वेळ माझ्यावर आली आहे.

माझा धाकटा मुलगा यंदा मे महिन्यात पदवीधर झाला. विषय अर्थशास्त्र. कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे इथल्या कॉलेज खेळांच्या तिसऱ्या पायरीवरचं, खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच नाही. चार वर्षं तो बास्केटबॉलच्या संघात होता आणि त्यातला बराचसा काळ बाकावर होता. आता त्याच्यापुढे दोन पत्रं आहेत. एक आहे इथल्या, फिलाडेल्फियातल्याच, विमा कंपनीतल्या नोकरीचं. दुसरं आयोवातल्या एका छोट्या कॉलेजातल्या ग्रॅज्युएट असिस्टंटच्या जागेचं. त्यात मास्टर्सची फी माफ, राहायला खोली आणि हातखर्चापुरते पैसे. बदल्यात हेड कोचच्या हाताखाली पडेल ते काम.

परवा जेवताना म्हणाला, "बाबा, मला हेड कोच व्हायचंय. एनबीएत नको, मोठ्या विद्यापीठातही नको. असल्याच छोट्या कॉलेजात." त्याच्या आईने ताट पुढे सरकवलं आणि उठून गेली. घरात दोन दिवस शांतता आहे.

मला त्याला ठामपणे "नाही" म्हणता येत नाही, कारण या गोष्टीचं बी मीच पेरलं. १९८९ साली मी इचलकरंजीहून इथे टेक्सटाइल शिकायला आलो. कॉलेजचं नाव तेव्हा फिलाडेल्फिया कॉलेज ऑफ टेक्स्टाइल्स अँड सायन्स. सगळे नुसतं 'टेक्स्टाइल' म्हणायचे. ईस्ट फॉल्समध्ये स्कूल हाउस लेनवर, झाडीत लपलेलं छोटंसं कॉलेज. पहिल्या हिवाळ्यात खोलीवर एकटं बसवेना म्हणून जिममध्ये जायला लागलो. तिथे ऊब होती आणि माणसं होती. बास्केटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. पण एवढं कळायचं की या कॉलेजची पोरं समोरच्यांपेक्षा उंच नसतात, उड्याही उंच मारत नाहीत, आणि तरी यांचा चेंडू जाळीतून अलगद जातो.

त्यांचे कोच हर्ब मगी. याच कॉलेजचे विद्यार्थी. ते दाखल झाले तेव्हा कॉलेजचं नाव आणखी वेगळं होतं. १९६३ साली एनबीएच्या बोस्टन सेल्टिक्स संघाने त्यांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, निवडलं, पण बोटांना दुखापत झाली आणि ती वाट बंद झाली. ते कॉलेजात असिस्टंट कोच म्हणून परतले. १९६७ला हेड कोच झाले आणि १९७०ला संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९९९ला कॉलेजचं फिलाडेल्फिया युनिव्हर्सिटी झालं, २०१७ला ते जेफरसन विद्यापीठात विलीन झालं. पाट्या बदलल्या, कोच तोच. २०२२ला निवृत्त झाले तेव्हा नावावर १,१४४ विजय होते. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाचे कोच माइक शशेफ्स्की १,२०२ विजयांवर थांबले. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिच्या पुरुष बास्केटबॉलमध्ये मगींच्या पुढे तेवढं एकच नाव होतं.

मुलगा सात वर्षांचा असल्यापासून मी त्याला तिथल्या सामन्यांना नेत होतो. आता सांगा, मी त्याला कोणत्या तोंडाने अडवू? आणि अडवू नये, तर हे खरंच करिअर आहे का?

मृण्मयी_दातार

वाचतेय. काकू उठून गेल्या तो प्रसंग अगदी डोळ्यांसमोर आला.

हिशोबनीस

विणकरदादा, स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मगी हे एक उदाहरण झालं. एका संघाला हेड कोच एकच असतो. डिव्हिजन थ्रीत चारशेहून थोडे जास्त पुरुष संघ, डिव्हिजन टूमध्ये तीनशेच्या आसपास, त्यात एनएआयए या छोट्या कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेची कॉलेजं धरा. सगळ्या देशात मिळून हजाराच्या आतबाहेर खुर्च्या. आणि चांगला माणूस एकदा बसला की तीस-चाळीस वर्षं उठत नाही. तुमचे मगीच पंचावन्न वर्षं बसले! म्हणजे त्या काळात ईस्ट फॉल्समध्ये ही जागा एकदाही रिकामी झाली नाही. दाराबाहेर किती असिस्टंट उभे असतील याचा विचार करा.

शिवाय मास्टर्स संपल्यावर आरोग्यविमा कोण देणार? पूर्ण वेळाची असिस्टंटची जागा प्रत्येक छोट्या कॉलेजात असतेच असं नाही. हे प्रश्न आजच विचारा.

केदार_एलए

हिशोबनीस, खुर्च्या मोजून काय होणार? ग्रेग पॉपोविच बघा. सॅन अँटोनियो स्पर्सला पाच विजेतेपदं देणारा माणूस १९७९ ते १९८८ कुठे होता? माझ्या घरापासून तासाभरावर, पोमोना-पिट्झरला. डिव्हिजन थ्री. पहिल्या वर्षी २ विजय आणि २२ पराभव. त्यात कॅलटेककडूनही, म्हणजे शास्त्रज्ञ घडवणाऱ्या कॉलेजकडूनही, हरले! बायको आणि दोन मुलांसह विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहायचे. पुढे १९८६ला त्यांनी कॉन्फरन्सचं (आसपासच्या कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद आणलं, कॉलेजला ते ६८ वर्षांनी मिळालं होतं. मग एक वर्ष रजा काढून कॅन्सस विद्यापीठाचे कोच लॅरी ब्राउन यांच्याकडे शिकायला गेले आणि तिथून रस्ता उघडला.

ब्रॅड स्टीव्हन्सही डिव्हिजन थ्रीचाच खेळाडू, डीपॉ कॉलेजचा. औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून २०००मध्ये बटलर विद्यापीठात फुकट काम करायला तयार झाला. २०१० आणि २०११, लागोपाठ दोन वर्षं त्याने बटलरला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेलं, आणि २०१३ला बोस्टन सेल्टिक्सचा कोच झाला. मुलाला जाऊ द्या.

पिटसबर्गची_सई

कॅलटेकचं नाव निघालं म्हणून थोडं विषयांतर. त्यांचा संघ कॉन्फरन्समध्ये १९८५पासून सलग ३१० सामने हरला होता. फेब्रुवारी २०११मध्ये ऑक्सिडेंटलला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं तेव्हा कुठे ही साखळी तुटली. त्या २६ वर्षांत तिथे ज्यांनी कोच म्हणून काम केलं, त्यांचा विचार मनात येतो. दर ऑक्टोबरात पहिल्या सरावाला शिट्टी वाजवायची, आणि समोर जी मुलं उभी त्यांना रात्री भौतिकशास्त्राचा गृहपाठ करायचा असतो.

केदार_एलए

सई, भारीच. आणि त्यातल्या बऱ्याच मुलांनी शाळेतही बास्केटबॉल खेळलेलं नसायचं.

वैदेही_ओहायो

हा धागा वाचून गप्प बसवत नाही.

माझा नवरा (अमेरिकन आहे, त्याला मराठी वाचता येत नाही, पण त्याला विचारूनच लिहिते आहे) सहा वर्षं डिव्हिजन थ्रीच्या एका कॉलेजात असिस्टंट कोच होता. कॉलेजचं नाव लिहीत नाही. केदार, तुम्ही पॉपोविच आणि स्टीव्हन्स सांगता, पण ते दोघे निघून गेलेले आहेत. विणकरकाकांच्या मुलाला जायचं नाही, तिथेच राहायचं आहे. त्याला तिथे रोजचं जगणं कसं असतं हे कळायला हवं.

ऑक्टोबरच्या मध्याला सराव सुरू होतो, नोव्हेंबरात सामने. फेब्रुवारीअखेर नेहमीचा हंगाम संपतो. तुम्ही म्हणाल साडेचार महिने. पण बाकीच्या महिन्यांत रिक्रूटिंग असतं. शिष्यवृत्ती देता येत नाही, म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना पटवायचं की आमच्या कॉलेजची भली मोठी फी भरा आणि आमच्याकडे खेळा. लहान कॉलेजांना विद्यार्थी कमी पडताहेत, म्हणून प्रशासन कोचला आकडा देतं: यंदा एवढी मुलं यायलाच हवीत. संघात पंधरा खेळाडू पुरेसे असताना पंचवीस घ्यावे लागतात, कारण प्रत्येकजण फी भरणारा असतो. मग त्यातल्या दहाजणांना दर आठवड्याला समजवायचं, की बाळा, या शनिवारीही तुझा नंबर नाही.

जुलैत आमचं लग्न झालं आणि चौथ्या दिवशी नवरा शाळकरी मुलांची स्पर्धा बघायला इंडियानाला गेला. तीन दिवस एका हॉलमध्ये सकाळी आठ ते रात्री दहा. गणवेश धुणं त्याच्याकडे, व्हॅन चालवणं त्याच्याकडे, सामन्याची फिल्म कापणं त्याच्याकडे. वसंतात गोल्फच्या संघालाही न्यायचं, कारण कॉलेजला वेगळा गोल्फ कोच परवडत नव्हता.

सहाव्या वर्षी आमची मुलगी झाली आणि त्याने सोडलं. आता हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो आणि तिथल्या संघाला शिकवतो. सुखी आहे. पण डिसेंबरात बर्फ पडत असताना रात्री अकराला व्हॅनमधून परत येणं आणि मागे बारा-पंधरा मुलं झोपलेली असणं, याबद्दल तो अजून बोलतो. त्याच्या आवाजात तेव्हा काय असतं ते मला लिहिता येत नाही.

मृण्मयी_दातार

वैदेही, पहिला परिच्छेद वाचून "जाऊ देऊ नका" लिहिणार होते. शेवटचा वाचून खोडलं.

हिशोबनीस

वैदेहीताईंचा प्रतिसाद प्रत्येक आईवडिलांनी वाचावा असा आहे. त्यात आणखी एक भर. मुळात कॉलेजच राहील का? तुमच्याच फिलाडेल्फियाजवळची कॅब्रिनी युनिव्हर्सिटी २०२४च्या उन्हाळ्यात बंद झाली. २०१२ला त्यांचा पुरुषांचा संघ डिव्हिजन थ्रीच्या अंतिम सामन्यात होता. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ला बंद झालं, तेव्हा त्यांचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत होता. कॉलेज नाही, संघ मैदानावर. कोचची पंचवीस वर्षांची पुण्याई एका ठरावात संपते.

विणकर_इचलकरंजी

हिशोबनीस, राग कशाचा? हेच प्रश्न मला हवे होते. कॅब्रिनीची बातमी आली तेव्हा आमच्या घरीही हळहळ झाली, मुलगा शाळेत असताना तिथल्या शिबिराला गेला होता.

पण कॉलेज बंद पडण्याच्या भीतीबद्दल एक सांगतो. मी ज्या धंद्यासाठी इथे आलो तो वस्त्रोद्योग माझ्या डोळ्यांदेखत या शहरातून गेला. केन्सिंग्टनमधल्या गिरण्यांच्या जागी आज फ्लॅट आहेत. माझ्या पहिल्या कंपनीने मी लागल्यावर चार वर्षांत गाशा गुंडाळला. म्हणजे 'भक्कम' म्हणून मी जे निवडलं होतं ते गेलं, आणि शेजारच्या जिममधला कोच तिथेच राहिला. हे गणित मलाही सुटलेलं नाही.

वैदेहीताई, तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. मुलगा म्हणाला, "गणवेश धुण्याचं मला माहीत आहे. गोल्फचं नव्हतं."

अमरावतीकर_सर

नमस्कार. विदर्भातल्या एका अनुदानित कॉलेजात ३१ वर्षं शारीरिक शिक्षण संचालक होतो. आता निवृत्त. पोरं 'पीटीचे सर' म्हणत, पगाराच्या कागदावर 'संचालक'. तुमचा धागा सुनेने दाखवला म्हणून खातं उघडलं.

अमेरिकेत एका खेळाला एक हेड कोच आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे एका माणसाकडे कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल, मैदानी, बुद्धिबळ, वार्षिक क्रीडा महोत्सव, आणि परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण. बास्केटबॉल मला मनापासून आवडे. ते मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. कॉलेजात सिमेंटचं एक मैदान होतं, उन्हाळ्यात दुपारी त्यावर पाय ठेवता येत नसे. रिंगला लटकून पोरांनी ती वाकवली, वेल्डिंगवाल्याकडून दोन वेळा सरळ करून आणली. जाळी मी स्वतः सुतळीने विणत असे.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पोरांना जनरल डब्यातून घेऊन जायचं. टीए-डीए मंजूर व्हायला मार्च उजाडायचा, तोपर्यंत पदरमोड. बायकोने एकदाच विचारलं, "पोरांच्या जेवणाचे पैसे कधी येतील?" मी म्हटलं येतील. तिने पुन्हा विचारलं नाही, पण दर वेळी डब्यात दशम्या मोजून वीस जास्त असत.

मी किती सामने जिंकलो याची नोंद माझ्याकडेही नाही, विद्यापीठाकडेही नसावी. त्या मगी सरांचे १,१४४ विजय कोणीतरी एकेक करून लिहून ठेवले, याचं मला फार अप्रूप वाटलं. माझी पोरं बहुतेक पोलीस भरतीत गेली. काहींना राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा लाभ झाला. एक एसटीत ड्रायव्हर आहे. मागच्या वर्षी मी यवतमाळला जायला बसलो तर तोच स्टिअरिंगवर. गाडी थांब्यावर लागल्यावर खाली उतरून पाया पडला आणि कंडक्टरला म्हणाला, "ह्यांनी मला डाव्या हाताने लेअप शिकवला." (लेअप म्हणजे धावत जाऊन रिंगच्या जवळून टाकलेला चेंडू.)

विणकरभाऊ, तुमचा प्रश्न करिअरचा आहे. मला निवृत्तिवेतन मिळतं, तुमच्या मुलाला काय मिळेल मी सांगू शकत नाही. पण त्याला एक विचारा. जो पोरगा कधीच संघात येणार नाही त्याच्यासोबत सराव संपल्यावर अर्धा तास थांबायला त्याला आवडतं का? आवडत नसेल तर विम्याची नोकरी बरी.

पिटसबर्गची_सई

सर, "डाव्या हाताने लेअप" वाचताना डोळे भरून आले. तुम्ही इथे लिहीत राहा.

नागपाडा_जंक्शन

सरांना सलाम. मुंबईचा बास्केटबॉल ज्या गल्लीत वाढला तिथला मी. आमच्या नागपाड्यातलं मैदान बच्चू खान यांच्या नावाने आहे. तेही कोचच होते, गल्लीतल्या पोरांना खेळवणारे. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच मोहल्ल्यातून आले. आमच्याकडे मंत्र्यांच्या नावाची मैदानं पुष्कळ, कोचच्या नावाची किती असतील?

आणि त्या मगींबद्दल अजून लिहा ना. छोट्या कॉलेजच्या माणसाला इतके विजय कसे मिळाले? शिकवायचे काय?

विणकर_इचलकरंजी

नागपाडा, आवडीचं विचारलंत.

मगींना 'शॉट डॉक्टर' म्हणतात. एनबीएतले खेळाडूही नेमबाजी सुधारायला त्यांच्याकडे येत. छोट्या कॉलेजला सात फुटी मुलं मिळत नाहीत, ती मोठी विद्यापीठं घेऊन जातात. उंची शिकवता येत नाही, पण चेंडू जाळीत टाकणं शिकवता येतं. मग जे शिकवता येतं तेच सगळ्यांपेक्षा जास्त शिकवायचं. कोपर चेंडूखाली, चेंडू तळहातावर नाही तर बोटांवर, आणि सोडल्यानंतर हात खाली न आणता तसाच वर ठेवायचा. वरच्या फळीवरच्या बरणीत हात घालावा तसा. हे वाक्य माझं आहे, मुलाला लहानपणी असंच समजावलं होतं.

२०११ला त्यांना स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याच तुकडीत डेनिस रॉडमन होता. तोही मूळचा ओक्लाहोमातल्या एका छोट्या कॉलेजचा. आमच्यासारखे टेक्स्टाइलचे जुने विद्यार्थी त्या दिवशी एकमेकांना फोन करत होते, जणू घरचं कार्य.

मृण्मयी_दातार

काकूंना सांगा, मुलगा डॉक्टरच होतोय. शॉट डॉक्टर.

स्मिता_आयोवा

काका, मुलगा आयोवात येणार हे वाचून लगेच लिहायला घेतलं. मी डे मॉइनला राहते. इथून तासाभरावर, आय-८० वर, ग्रिनेल कॉलेज आहे. तिथली गोष्ट या धाग्यात यायलाच हवी.

डेव्हिड आर्सेनो १९८९ला तिथे हेड कोच झाले. संघ वर्षानुवर्षं हरत आलेला, मुलं मध्येच खेळ सोडून द्यायची. त्यांनी ठरवलं की सगळ्यांना खेळवायचं. पाचच्या पाच खेळाडू मिनिटभरात बाहेर आणि नवे पाच आत, आइस हॉकीत बदलतात तसे. पूर्ण मैदानभर दबाव, मिळेल तेव्हा तीन गुणांचा शॉट. याला 'सिस्टिम' म्हणतात. संघ जिंकायला लागला, आणि गुणफलक १२०-१३०च्या पुढे जाऊ लागला. मी सहकाऱ्यांबरोबर एक सामना पाहिला आहे, मान इकडून तिकडे करून दुखायला लागते!

आणि २० नोव्हेंबर २०१२ला जॅक टेलर नावाच्या मुलाने एकट्याने १३८ गुण केले. १०८ शॉट मारले, त्यातले ५२ गेले. त्याआधीचा विक्रम ११३चा होता, बेवो फ्रान्सिसचा, १९५४मधला. तोही ओहायोतल्या रिओ ग्रँड नावाच्या चिमुकल्या कॉलेजचा.

केदार_एलए

स्मिता, मला ही सिस्टिम आवडत नाही. १३८ गुण फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध झाले. निकाल १७९-१०४. कमकुवत संघासमोर एकाच पोराकडे चेंडू देत राहायचं, याला कोचिंग कसं म्हणायचं?

स्मिता_आयोवा

केदार, त्या एका रात्रीपुरतं मान्य. सगळ्यांना खेळवण्यासाठी जी पद्धत काढली तिच्यात त्या दिवशी सगळे एकासाठी खेळले. मलाही ते रुचलं नव्हतं. पण त्या एका रात्रीने बाकीची वर्षं मोजू नका. विणकरकाकांचा मुलगा चार वर्षं बाकावर होता. ग्रिनेलला असता तर दर सामन्यात खेळला असता. बाकावरच्या पंधराव्या मुलासाठी अख्खा खेळ नव्याने मांडणारा कोच मला मोठा वाटतो. मोठ्या विद्यापीठात असा प्रयोग कोणी करू दिला असता का? पुढे त्यांचा मुलगाच तिथला कोच झाला.

केदार_एलए

हं. पंधराव्या मुलाचा मुद्दा डोक्यात राहील. तरी १०८ शॉट मला पचत नाहीत.

वैदेही_ओहायो

नवरा म्हणतोय की सिस्टिमविरुद्ध तयारी करायला त्याच्या संघाला दोन दिवस मिळाले होते आणि दोन्ही दिवस मुलं फक्त धापा टाकत होती.

औरंगपुऱ्याचा_संजय

इतकं चाललंय तर एक नाव राहिलं ते मी घालतो. क्लॅरेन्स गेन्स, टोपणनाव 'बिग हाउस'. नॉर्थ कॅरोलिनातलं विन्स्टन-सेलम, कृष्णवर्णीयांचं छोटं कॉलेज. १९४६ ते १९९३, ४७ हंगाम, ८२८ विजय. अर्ल मन्रो त्यांचाच विद्यार्थी. १९६७ला एनसीएएच्या कॉलेज डिव्हिजनचं विजेतेपद घेतलं, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजने जिंकलेलं ते एनसीएएचं पहिलं. त्या हंगामात मन्रो सामन्याला सरासरी ४१.५ गुण करत होता.

त्यांच्याही आधीचे जॉन मॅक्लेंडन. कॅन्सस विद्यापीठात खुद्द जेम्स नायस्मिथ, ज्यांनी बास्केटबॉल शोधला, ते त्यांचे मार्गदर्शक. पण कातडीच्या रंगामुळे विद्यापीठाच्या संघात खेळायची मुभा नाही. पुढे ते डरहॅमच्या कृष्णवर्णीय कॉलेजात कोच झाले. मार्च १९४४मध्ये एका रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना, त्यांच्या संघाने ड्यूकच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या मुलांशी जिमची दारं आतून बंद करून सामना खेळला. प्रेक्षक नाहीत, बातमी नाही. ८८-४४ने जिंकले. नंतर १९५७, ५८, ५९ अशी सलग तीन एनएआयए विजेतेपदं टेनेसीच्या कॉलेजला मिळवून दिली.

मी मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात वाढलो. बंद दारांमागचा तो सामना वाचला तेव्हा वसतिगृहात कितीतरी वेळ त्याच्यावर बोलत होतो. 'छोटं कॉलेज' म्हणताना हेही लक्षात असू द्या, की काही कॉलेजं लहान होती कारण मोठ्यांची दारं या मुलांना बंद होती. आणि ती दारं उघडली तेव्हा मोठ्या विद्यापीठांनी पहिल्यांदा नेले ते गेन्ससारख्यांकडे आले असते असे खेळाडू. त्याबद्दल तक्रार कोण करणार? पण शेवटच्या वर्षांत गेन्सचे पराभव वाढले त्यामागे हे कारण आहेच.

अमरावतीकर_सर

संजयजी, हे मला माहीत नव्हतं. ३१ वर्षं हा खेळ शिकवला आणि हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

हिशोबनीस

विषयाकडे परत येऊ. दादा, पत्राला उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे?

विणकर_इचलकरंजी

शुक्रवारपर्यंत होतं. दिलं.

अमरावतीकर सरांचा प्रश्न मी मुलाला तसाच विचारला. लगेच बोलला नाही. मग फोनमधला एक व्हिडिओ दाखवला. शेवटच्या वर्षी तो बाकावर होता तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका मुलाला फ्री थ्रो जमत नव्हते. सराव झाल्यावर हा त्याच्याबरोबर थांबायचा आणि दर आठवड्याला चित्रण करून ठेवायचा. पहिल्या चित्रणात त्या पोराचं कोपर बाहेर फेकलेलं, शेवटच्यात सरळ चेंडूखाली. असे एकोणीस व्हिडिओ आहेत. घरात आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

बायकोने सगळे पाहिले. मग हिशोबनीसांचे प्रश्न कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवले. विमा : २६ वर्षांचा होईपर्यंत आमच्या पॉलिसीत. मास्टर्स : शिक्षणशास्त्रात, म्हणजे वैदेहीताईंच्या यजमानांसारखं हायस्कूलचं दार उघडं राहील. आणि सहा वर्षांनी पूर्ण पगाराची जागा नसेल तर पुन्हा बसून बोलायचं, हे त्याने कागदावर सही करून दिलं. ती सही तिने फ्रिजवर लावली आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे गाडीने निघतोय. त्या कोचने पहिलं काम आताच कळवलं आहे. गेल्या हंगामाच्या २८ सामन्यांची फिल्म बघून चुकलेल्या प्रत्येक लेअपची यादी.

अमरावतीकर_सर

डाव्या हाताचे वेगळे लिहायला सांगा.

स्मिता_आयोवा

काका, गाडीत गादी आणू नका, माझ्याकडे एक जास्तीची आहे. आणि जाडजूड बूट इथेच घ्या, फिलाडेल्फियाचे इथे पुरायचे नाहीत. नोव्हेंबरात घरच्या मैदानावरचा पहिला सामना कधी आहे ते कळवा. आम्ही चौघे येतोय.